असू दे जवळ

आई प्रवासाला निघाली की पिशवीत शेवटी जे जे पडतं, त्यावर तिचा एकच शिक्का असतो: ‘असू दे जवळ.’ पन्नाशीत मला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकावरच्या खेळाचा नाद लागला आणि यान बांधताना कळलं, शिक्का वारशात आलाय. जादा दिवा? असू दे. शिडी? असू दे. चौथं पॅराशूट? तेही असू दे.

वर पेट्रोल पंप नसतो. तिथला हिशेब लिटरचा नाही, वेगाचा: आहे त्या इंधनात वेग एकूण किती बदलता येईल? त्याला म्हणायचं डेल्टा-व्ही. कर्बिन ही खेळातली पृथ्वी. तिच्याभोवती नुसतं फिरायला लागायचं तरी सेकंदाला सुमारे ३४०० मीटर खर्ची पडतात. कमी पडलं तर टाकी वाढवू, असं वाटतं. पण वाढलेली टाकी उचलायलाही इंधन लागतं. शिदोरी उचलायला हमाल करावा आणि त्यानं वाटभर तीच खावी, तसं. रिकामं यान एक टनाचं असेल, तर एक टन इंधनात मिळतो त्याच्या दुप्पट वेगाला तीन टन, तिप्पट वेगाला सात. त्सिओल्कोव्स्की या रशियन शाळामास्तरांनी हे १९०३ सालीच छापून ठेवलंय. मी मात्र रोज नव्यानं शिकतो.

आपल्या चांद्रयान-३ नं ‘विक्रम’ला चंद्राशी सोडल्यावरही प्रॉपल्शन मॉड्यूलमध्ये शंभर किलोंहून जास्त इंधन उरलं होतं, त्यावर ते पृथ्वीकडे परत आणलं. याला म्हणतात संसार.

माझं यान परवा खेळातल्या चंद्रावरून परतताना ठणठणीत कोरडं. कक्षेचं जवळचं टोक ८२ किलोमीटरवर, आणि वेग मारणारी हवा ७०च्या खाली. बारा किलोमीटरांसाठी माझा बिचारा अंतराळवीर जेबेडाया जन्मभर घिरट्या घालणार! शेवटी त्यालाच बाहेर काढलं. यान अगदी लांबच्या टोकाला असताना त्यानं यानाच्या नाकाला डोकं लावलं आणि पाठीवरच्या जेटनं मागे रेटायला लागला, बंद पडलेली फियाट ढकलावी तसा. जेट संपलं की आत, आत गेलं की ते आपोआप भरतं, पुन्हा बाहेर. रात्री दोनपर्यंत ८२चे ४१ झाले. समुद्रावर चारही पॅराशूट दिमाखात उघडली. एक पुरलं असतं.

सकाळी चहा घेताना आईला सगळं सांगितलं. दिवा, शिडी, ढकलाढकली तिनं शांतपणे ऐकून घेतली.

“इतके दिवस वर होता,” ती म्हणाली, “बरोबर खायला काय दिलं होतंस?”