पोर्टेजपंत

टोरांटोच्या आसपास मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल अशी जी मराठी वस्ती पसरली आहे, तिच्यात आरती खणखणीत म्हणणारा एकजण असतो, नाटकाला विंगेतून वाक्यं पुरवणारा एकजण असतो आणि एक पोर्टेजपंत असतो. पहिले दोघे प्रसंगापुरते दिसतात. पोर्टेजपंत बारमाही. दिवाळीचा कंदील उतरला की त्यांच्या डायनिंग टेबलावर अल्गॉन्क्विन पार्कचा नकाशा चढतो आणि मे महिन्यापर्यंत घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवतात.

अल्गॉन्क्विन हे ऑन्टारिओचं सर्वांत जुनं प्रांतिक उद्यान, १८९३ सालचं. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. त्याच्या दक्षिण भागातून हायवे ६० जातो तो जेमतेम ५६ किलोमीटर. बाकी सगळं जंगल, दीड हजारांवर सरोवरं आणि त्यांना जोडणारे सुमारे २,००० किलोमीटरांचे कनूमार्ग. मंडळातली सर्वसाधारण माणसं ऑक्टोबरात हायवेवरून जातात, लाल मेपलसमोर उभी राहून फोटो काढतात, डब्यातले बटाटेवडे संपवतात आणि रात्री घरी येतात. पंत त्यांच्याकडे कणवेने बघतात. त्यांच्या लेखी ही माणसं गाभाऱ्यात न जाता चपलांच्या स्टँडवरूनच परतलेली असतात.

पोर्टेज म्हणजे दोन सरोवरांच्या मधली पायवाट. पाणी संपलं की सामान पाठीवर टाकायचं, कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पुढचं पाणी लागेपर्यंत चालायचं. कनूच्या पोटात डोकं गेल्यामुळे वाहणाऱ्याला पुढची चार पावलं तेवढी दिसतात. डास मात्र आत येतात आणि बाहेर जायची वाट विसरतात. इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांनी शतकानुशतकं होड्या वाहून असल्या वाटा पाडल्या. त्यांचा तो संसार होता. पंत त्यासाठी रजा घेतात.

नकाशावर पोर्टेज ही नखाएवढी रेघ असते आणि तिच्याशेजारी मीटरमध्ये आकडा. या आकड्यात एक गोम आहे, ती नवख्याला कळत नाही. केव्हलरची कनू वीस किलोच्या आतबाहेर असते, तंबू आणि शिधा वेगळा. सगळं एका खेपेत जात नाही. म्हणजे एकदा अर्धं सामान घेऊन जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं आणि उरलेलं घेऊन पुन्हा जायचं. दोन किलोमीटरांचं पोर्टेज म्हणजे सहा किलोमीटर चालणं. पंत हा गुणाकार तोंडपाठ करून असतात, पण आमंत्रण देताना सांगतात तो मूळ आकडा. वहिनींनी एकदा सर्वांसमोर विचारलं, "डोंबिवलीला होतो तेव्हा कोपऱ्यावरून दळण आणताना पाठ धरायची ना तुमची?" पंत म्हणाले, "दळणाच्या शेवटी ट्राउट नव्हता."

हे पंतांचं तत्त्वज्ञान. जिथे रस्ता जातो तिथे मासा राहत नाही. यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. जे सरोवर गाठायला सोपं, तिथे गळ जास्त पडणार. ब्रूक ट्राउट हा थंड, स्वच्छ पाण्यातला मानी मासा. दुसऱ्या जातीचे मासे पाण्यात शिरले की त्याचं बिनसतं. म्हणून तर या पार्कात आमिषाला जिवंत मासे वापरायला बंदी आहे, न जाणो बादलीतले निसटायचे आणि घर करायचे. एवढ्यापर्यंत शास्त्र आहे. पुढचं पंतांचं स्वतःचं: पोर्टेज जितकं लांब तितका मासा मोठा.

त्यामुळे सरोवर निवडताना त्यांची पद्धत इतरांच्या उलट चालते. कनू लेकवरून निघून जो लेक आणि बर्न्ट आयलंडमार्गे बिग ट्राउटला जाणारा वळसा ही इथल्या शौकिनांची वहिवाट. पंतांनी तो नकाशावरच फेटाळला. पहिलं पोर्टेज जेमतेम तीनशे मीटरांचं, त्यावर उन्हाळ्यात दादर स्टेशनच्या पुलाएवढी गर्दी. आणि ज्या सरोवराच्या नावातच मोठा ट्राउट आहे तिथे तो शिल्लक कसा असेल? शंभर-सव्वाशे वर्षं लोक ते नाव वाचून तिथे जात आहेत.

कनू लेकचा विषय निघाला की कोणीतरी टॉम थॉमसनचं नाव काढतोच. कॅनडाचा हा मोठा चित्रकार १९१७ च्या जुलैत याच सरोवरावर होडी घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचं प्रेत पाण्यावर आलं. अपघात, खून की आणखी काही, यावर कॅनडात अजून वाद चालतो. पंतांना त्या वादात रस नाही. त्यांना पडलेलं कोडं वेगळं आहे: "जुलैत? वरचं पाणी तापल्यावर? ट्राउट तेव्हा खोल तळाशी असतो. एवढा जाणता माणूस, गळ कशासाठी घेऊन गेला होता?"

ऋतू हा त्यांच्या आराखड्याचा दुसरा खांब. बर्फ फुटतं एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला. तेव्हा पाणी वरपासून खालपर्यंत थंड असतं आणि लेक ट्राउट काठाजवळ येतो. पण त्याच पाण्यात कनू उलटली तर माणूस काही मिनिटांत आखडतो. पाणी जरा सुसह्य होतं न होतं तोच काळ्या माश्या निघतात, त्यांच्यामागून डास. डास ओसरतात, मुलांच्या शाळा सुटतात, सगळ्यांना रजा मिळते आणि नेमका तेव्हा मासा तळ गाठतो. या पेचातून पंतांनी काढलेला मार्ग असा, की ज्या आठवड्यात माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो आठवडा धरायचा. मे महिन्यातला व्हिक्टोरिया डेचा लांब वीकेंड त्यात अचूक बसतो.

आता सोबती. पंत कधी "येता का?" असं विचारत नाहीत. ते एका सकाळी व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, त्यात तुमचं नाव असतं, आणि पहिला संदेश एक्सेल शीटचा असतो. शीटमध्ये सहा पानं: मार्ग, वजन, शिधा, मासे, वारा आणि संकीर्ण. वजनाच्या पानावर तुमच्या नावापुढे तुम्ही काय वाहायचं ते लिहिलेलं असतं. तुम्ही ग्रुप सोडलात तर ते ओझं आपोआप इतरांत वाटलं जातं, आणि त्या इतरांचे फोन तुम्हाला यायला लागतात.

डिसेंबरातल्या एका सकाळी पंतांचा खरा सण असतो. आरक्षण पाच महिने आधी, सकाळी सात वाजता खुलं होतं. साडेसहापासून पंत आंघोळ करून संगणकासमोर. इथे सरोवर राखून ठेवता येतं, काठावरची विशिष्ट जागा नाही. जो आधी पोचेल त्याने हवी ती घ्यावी. त्यामुळे सात वाजून दोन मिनिटांनी आरक्षण झालं तरी पंतांच्या जिवाला स्वस्थता नसते. पाच महिन्यांनंतर त्या सरोवरावर आपल्या आधी कोण पोचणार, याची चिंता सात वाजून तीन मिनिटांनी सुरू होते.

या वेळचा बेत भारी होता. ओपिओंगो या पार्कातल्या सर्वांत मोठ्या सरोवरावरून निघायचं, पूर्वेच्या फाट्यातून राइट आणि बॉनफिल्ड, तिथून डिक्सन, मग लाव्हिएल आणि क्रो नदीने वळून परत. डिक्सन आणि लाव्हिएल ही ब्रूक ट्राउटसाठी नावाजलेली जोडी. ती नावाजलेली असूनही पंतांना चालली याचं एकच कारण, बॉनफिल्ड ते डिक्सन हे पोर्टेज पाच किलोमीटर तीनशे मीटरांचं आहे. तिप्पट तुम्हीच करा.

ओपिओंगोच्या काठीच हार्कनेस नावाची मत्स्य संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथले शास्त्रज्ञ १९३६ पासून या पाण्यातल्या माशांचा हिशेब ठेवत आले आहेत. आमच्यातल्या एकाने सुचवलं की त्यांनाच विचारू. पंत म्हणाले, "ते लोक गाडीने येतात."

शिध्याच्या पानावर वाद झाला तो वेंगुर्ल्याच्या भाऊंमुळे. भाऊंचं म्हणणं, "गोड्या पाण्यातलो मासो तो काय मासो? वायंच सुका बांगडा घेव्या." आतल्या जंगलात अस्वलं आहेत, रात्री सगळा शिधा दोरीने झाडाला टांगावा लागतो, आणि सुक्या बांगड्याचा वास अस्वलाला किती मैलांवरून येईल याचा अंदाज पंतांनी दिला. बांगडा रद्द. रसगुल्ल्याचा पत्र्याचा डबाही रद्द, कारण डबे आणि बाटल्या आत न्यायला मनाई आहे. लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत आलं. भाऊंनी रवा आणि मालवणी मसाला मात्र सोडला नाही. "मासे गावतले म्हणतास ना? मग भाजूक काय वापरतलास?" एक्सेलच्या सहा पानांत मासे धरण्याची सगळी तयारी होती, ते शिजवायचे आहेत ही नोंद कुठेच नव्हती.

ओपिओंगोवर पलीकडे सोडणारी मोटरबोट मिळते, कनू वर बांधून. पश्चिमेचा वारा दुपारी उठला की त्या सरोवरावर चांगल्या लाटा येतात, म्हणून शहाणी माणसं पैसे देतात. पंतांनी बोटवाल्याकडे पाठ फिरवली. मोटरने जाऊन लागलेला मासा ते हिशेबात धरत नाहीत. आम्ही वल्ही मारत गेलो. दुसऱ्या दिवशी ते पोर्टेज आलं. त्यावर मी फार बोलणार नाही. पिवळी पाटी दिसली की माणसं हसतात, चौथ्या किलोमीटरला एकमेकांशी बोलणं बंद करतात आणि तिसऱ्या खेपेला एकमेकांच्या बायकामुलांची चौकशी करू लागतात, एवढंच सांगतो. पंत सर्वांत पुढे होते आणि प्रत्येक उतारावर ओरडून सांगत होते, "बघा, इथून कोणी येत नाही!" त्याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

आणि डिक्सनवर मासा लागला. भाऊंना. पहिल्याच संध्याकाळी, तंबू नीट ताणून होण्याआधी. दोन किलोच्या घरातला ब्रूक ट्राउट, अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके, पोट केशरी. भाऊंनी तो साफ केला, तुकड्यांना मसाला चोळला, रव्यात घोळवून तव्यावर टाकला आणि पहिला घास घेऊन जाहीर केलं, "बरो आसा. बांगड्याच्या खालोखाल." वेंगुर्ल्याच्या माणसाकडून गोड्या पाण्याला याहून मोठा मान मिळत नाही. आम्ही सगळ्यांनी बोटं चाटली.

पंत जेवले, पण त्यांचं चित्त नव्हतं. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी नकाशा उघडला आणि डिक्सनवर पेन्सिलीने फुली मारली. मी विचारलं, "अहो, इथेच तर मिळाला!"

"पहिल्या संध्याकाळी मिळाला," पंत म्हणाले. "याचा अर्थ काय? मासा सहज मिळतो. सहज मिळतो म्हणजे लोकांना कळलेलं आहे. लोकांना कळलं म्हणजे हे सरोवर गेलं." मग त्यांनी लाव्हिएलच्या पलीकडे बोट ठेवलं. तिथे नाव नसलेला निळा ठिपका होता आणि त्याच्याकडे जाणारी एकही रेघ नव्हती. त्यांचा चेहरा उजळला.

परतल्यावर दुसरी काळजी. मासा भाऊंचा, फोटो पंतांनी काढलेला. मागचा डोंगर, झाडं, काठावरचा खडक सगळं कापून त्यांनी फक्त मासा आणि भाऊंचं कोपर ठेवलं. गणेशोत्सवात मंडळातल्या एका तरुणाने विचारलं, "काका, कुठे मिळाला?" पंतांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "लेक ऑफ टू रिव्हर्स." हे सरोवर हायवे ६० ला लागून आहे. काठावर कॅम्पग्राउंड आहे, गाडी तंबूपर्यंत जाते, जवळच आइस्क्रीमही मिळतं. पंतांच्या शब्दकोशात याहून क्रूर थाप नाही.

तो तरुण सरळमार्गी निघाला. पुढच्या मेमध्ये तो मुलांना घेऊन गेला, फोल्डिंगच्या खुर्चीत बसून काठावरून गळ टाकला आणि भाऊंच्या माशाहून मोठा लेक ट्राउट काढला. फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. मागे पार्किंग लॉट स्पष्ट दिसत होता. खाली लिहिलं होतं, "पोर्टेजपंत काकांचे मनःपूर्वक आभार."

पंतांची ती रात्र आम्ही वहिनींकडून ऐकली. टेबलावर पुन्हा नकाशा. पंत बराच वेळ टू रिव्हर्सच्या निळ्या तुकड्याकडे बघत होते. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. "त्यात काय एवढं? शनिवारी सकाळी निघू. गाडीने तीन-साडेतीन तास."

पंतांनी पेन्सिलीला टोक काढलं. "स्मोक लेकला कनू पाण्यात टाकायची. तिथून रॅगेड, बिग पॉर्क्युपाइन, मग पूर्वेला लुईझा. लुईझा ते रॉक लेक, पोर्टेज तीन किलोमीटरांच्या आसपास. पुढे मदावास्का नदीने प्रवाहाविरुद्ध व्हाइटफिश, पॉग, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी टू रिव्हर्स."

"अहो, पण तिथे गाडी जाते ना?"

"जाते," पंत म्हणाले. "म्हणून त्या बाजूचे मासे आता संपले असणार."