सातशे शब्दांचे भाऊ

वऱ्हाडात माणूस रिटायर झाला की एकतर देवाला लागतो, नाहीतर कॉलनीच्या तुंबलेल्या नालीला. अलीकडे मात्र एक तिसरी जमात निघाली आहे. ही मंडळी सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात, हातात शिसपेन्सिल घेतात आणि मोठ्यानं इंग्रजी वाचतात. अमरावतीत राठी नगरात पाहा, रुक्मिणी नगरात पाहा, अकोल्यात जठारपेठेत नाहीतर रणपिसे नगरात पाहा, गल्लीआड एक तरी सापडेलच. आमच्या गल्लीतल्याला आम्ही भाऊ म्हणतो. इकडे सगळेच भाऊ असल्यामुळे ओळख पटवायची झाली तर ‘इंग्रजीवाले भाऊ’ म्हणायचं.

यांना इंग्रजी साहेबासाठी नको असतं. साहेब केव्हाच सुटला. इंग्रजी लागतं ते व्याह्यांसाठी. पोरगा बंगलोरला कंपनीत, तिथंच त्याचं जमलं, सून म्हैसूरची. लग्नात वाजंत्रीच्या आवाजात कोण काय बोलतंय ते कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे सोहळा निर्विघ्न पार पडला. पण पुढं काय? भाऊंना कानडी येत नाही, व्याह्यांना हिंदी येत नाही, आणि भाऊंची वऱ्हाडी तर त्यांच्या पुण्याच्या साडूलाही येत नाही. उरलं इंग्रजी.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. भाऊंच्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत, आणि दहावीला गाइडच्या जोरावर पस्तीस मार्क पदरात पडल्यावर दोघांनी एकमेकांचा कायमचा निरोप घेतला. त्यानंतर नोकरीचा सगळा काळ ‘सविनय सादर’मध्ये गेला. मध्ये एकदा त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडली होती, एकदा रॅपिडेक्स. दोन्ही सुटली. भाऊंची तक्रार अशी, की एका वाक्यात राजा येतो, दुसऱ्यात गाय येते, पण राजाचं पुढं काय झालं ते कोणी सांगत नाही. जो माणूस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढला, झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी ज्यानं अभ्यासाच्या वहीखाली पुस्तकं लपवली, त्याला राजाला असं वाऱ्यावर सोडणं पटणार कसं?

म्हणून पोरानं शेरलॉक होम्स पाठवला. तोही अख्खा नव्हे. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर सातशे मूळ शब्द, त्यापलीकडं पाऊल नाही. त्या सातशे शब्दांत होम्सच्या तीन गोष्टी बसवल्या आहेत. या युक्तीचं मूळ पाहिलं तर ते आपल्याच उपखंडात निघतं. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी १९२०च्या दशकात ढाक्यात होता. बंगाली पोरांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता आलं पाहिजे, आणि पानोपानी नवे शब्द अंगावर आले तर कोणी वाचत नाही, हे त्यानं ताडलं. मग मोजक्या शब्दांची वाचनमाला काढली. पोरांसाठी केलेली ती सोय शंभर वर्षांनी राठी नगरच्या गच्चीवर पोचली, एवढंच.

भाऊंची पद्धत सरकारी. आधी अख्ख्या पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिला, पानाला समासात तारीख टाकली, आणि फाइल पूर्ण झाल्यावरच वाचन सुरू केलं. चालू वर्तमानकाळ तर त्यांना चुटकीसरशी आला. “आय ॲम गोइंग म्हंजे मी जाऊन राह्यलो. ही इज ईटिंग, तो खाऊन राह्यला. पाह्य, जसंच्या तसं! इंग्रजी आपल्याच लोकायनं केली असन.” पुण्याच्या साडूला फोन करून हा शोध त्यांनी कळवलाही. तिकडून काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिली गोष्ट ‘द स्पेकल्ड बँड’. नावात बँड पाहून भाऊंना वाटलं लग्नाची असेल. (होम्सही त्या बँडवरून आधी चुकतो, त्याला वाटतं भटक्यांची टोळी.) लग्न ठरलेली मुलगी बंद खोलीत मरते, आणि तिच्या सावत्र बापानं पाळलेला साप भिंतीच्या झरोक्यातून घंटेच्या दोरीवरून खाली उतरत असतो. बाप कलकत्त्याला डॉक्टरकी करून आलेला, सापाला बशीत दूध ठेवतो आणि शिट्टी वाजवून परत बोलावतो. इथं भाऊ थांबले. पुस्तक मिटून सरळ माझ्या घरी आले.

“सापाले दूध कोन पाजते बे? अन् शिट्टी वाजवली त तो वापस कायले येईन? साप हाय का पोस्टमन?”

मी म्हटलं, गोष्ट आहे भाऊ, १८९२ सालची.

“सालाचं सोड. हिंदुस्थानातला सगळ्यात जहरी साप म्हन्ते, अन् नाव काय त स्वॅम्प अॅडर. आपल्याकडं नाग हाय, परड हाय, मण्यार हाय. हा कोनता? मण्यार असती त मीच म्हन्लं असतं बरोबर हाय. झोपल्या मानसाले डसते अन् त्याले मालूमई पडत नाई. ह्या डॉक्टरले कलकत्त्यात कोनं तरी फसोलं.”

जाणकारही हेच म्हणतात. या नावाचा साप भारतात नाही. कॉनन डॉयलला हे सांगायला वऱ्हाडातला एक शेतकऱ्याचा पोरगा लागला असता, पण त्या वेळी वऱ्हाडातून इंग्लंडला फक्त कापूस जात होता.

‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’ही त्यांना पटली नाही. पाकिटातून संत्र्याच्या पाच बिया येतात आणि ज्याला येतात तो मरतो. भाऊंची सासुरवाडी वरुडची, सगळा पट्टा संत्र्याचा. “पाच बियायनं मानूस भेते? आमच्या सासऱ्याच्या घरी एका बहारात टोपलंभर निंघते. व्यापारी बाग पाह्यते, भाव बोलते, अन् तोडाईच्या टायमाले फोन उचलत नाई. धमकी त ते हाय!” आणि तिसरी, ‘अ स्कँडल इन बोहेमिया’, त्यांनी अर्ध्यातच ठेवली, कारण तिच्यात एक बाई होम्सला हातोहात चकवून निघून जाते असा वास त्यांना आला होता. ती वहिनींनी पूर्ण केली. वहिनींना इंग्रजी येत नाही, पण त्यांना त्याची गरजच पडली नाही. भाऊंच्या पेन्सिलीची ओळ वाचत गेल्या, दोन दुपारींत तिन्ही गोष्टी संपवल्या, आणि जेवताना शेवट सांगून मोकळ्या झाल्या.

तर असं हे इंग्रजी. आता यातली गोम अशी, की रहस्यकथेत माणसं गप्पा मारत नाहीत. एकजण विचारतो, दुसरा कबूल करतो. काल रात्री कुठं होतास, दार कोणी उघडलं, पत्र कुठं आहे. सगळं भूतकाळात, सगळं संशयानं. भाऊंच्या तोंडात तेच बसलं. ‘अलाइव्ह’ आणि ‘डेड’ त्यांना झोपेत विचारा, पण ‘हाउ डू यू डू’ अडतं. एटीएमच्या रांगेत एका परप्रांतीय पोरानं त्यांना वेळ विचारली. भाऊंनी वेळ सांगितली आणि पुढं विचारलं, “व्हाय डू यू वाँट टु नो?” पोरगा रांग सोडून गेला. इंग्रजी शाळेतल्या चार वर्षांच्या पुतणीला ते रोज डबा खाल्ला का म्हणून विचारतात, तेव्हा ती वकिलाची वाट पाहत असल्यासारखी गप्प बसते.

मराठीत हाच माणूस खरा होम्स आहे, हे मी बडनेरा स्टेशनवर स्वतः पाहिलं. व्याही येणार होते, गाडीला उशीर होता. शेजारी बाकावर एक गृहस्थ बसलेले. भाऊंनी एकदा त्यांच्या चपलांकडं पाहिलं. “दर्यापूरकडचे का?” गृहस्थ दचकले. चपलेवर वाळलेली काळी माती, तिच्यावर पांढरट झाक. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मग भाऊंनी आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, आणि पाच मिनिटांत ते गृहस्थ त्यांच्या मावसबहिणीचे दीर निघाले. होम्सला माणसाला न विचारता सगळं कळतं. आपल्याकडं विचारतात, एवढाच फरक.

गाडी आली. व्याही उतरले. आणि मराठीतल्या होम्सचा इंग्रजीत शिरताक्षणी इन्स्पेक्टर लेस्ट्रेड झाला, होम्सच्या गोष्टींतला तो हमखास चुकणारा पोलीस.

“व्हेन डिड यू लीव्ह युवर हाउस?”

व्याह्यांनी वेळ सांगितली.

“हू सॉ यू?”

व्याही बायकोकडं पाहू लागले.

“डिड एनिबडी फॉलो यू?”

व्याही सगळा जन्म ऑडिटमध्ये काढलेले. समोरच्याला घाम फोडायची सवय, स्वतःला घाम फुटायची नाही. त्यांनी खिशातून तिकिटं काढून पुढं केली. भाऊंनी ती नीट वाचली, तारीख तपासली आणि समाधानानं मान हलवली. मागं वहिनींनी विहीणबाईंचा हात धरला होता आणि दोघी स्टेशनच्या बाहेरही पोचल्या होत्या. घरी गिला वडा खायला बसलो तेव्हा “डिड यू ईट इट? ऑल ऑफ इट?” या प्रश्नाला व्याह्यांनी घाईनं बशी तिरपी करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याकडं. बोरगाव मंजूजवळ भाऊंच्या मावसभावाचं वावर आहे, ते दाखवायचं होतं. रस्त्यात भाऊंना एक मोठा विषय सापडला. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबराची लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. भाऊंना हा विक्रम फार आवडतो, कारण त्यात तास आणि मिनिटं पक्की आहेत. “फोर नाइट्स,” ते म्हणाले. “नोबडी स्लेप्ट.” व्याह्यांनी खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं. त्यांना बहुधा वाटलं, इथं काहीतरी भयंकर घडून गेलंय.

खरी गंमत वावरात झाली. भाऊंनी कपाशीचं एक हिरवंगार बोंड तोडलं आणि व्याह्यांच्या हातावर ठेवलं. बाहेरून ठणठणीत, कुठं छिद्र नाही. मग उभ्या पिकात भाऊंनी केस मांडली.

“द डोअर वॉज क्लोज्ड. द विंडो वॉज क्लोज्ड. बट इनसाइड, डेड!”

व्याही आता सरावले होते. “हू डिड इट?”

इथं सातशे शब्द संपले. भाऊंनी आभाळाकडं पाहिलं, मावसभावाकडं पाहिलं, आणि जे हाताशी होतं त्यावर भागवलं.

“अ स्मॉल पिंक मॅन.”

व्याही दोन पावलं मागं सरले. भाऊंनी नखानं बोंड उकललं. आत सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली, आणि मधोमध ती गुलाबी बोंडअळी. अंड्यातून निघाली की ही अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचं भोक मागून बुजून जातं, आणि शेतकरी बाहेरून पाहत राहतो की पीक काय मस्त आहे. बंद खोलीतला खून डॉयलनं लिहिला त्यापेक्षा सरस. फुलावरच आलेली असली तर पाकळ्या उमलत नाहीत, कळी मिटल्या गुलाबासारखी राहते. तिला डोमकळी म्हणतात, आणि सुगावा म्हणायचा तर तो तेवढाच.

“ओह!” व्याही म्हणाले, “अ वर्म!”

“तेच त वर्म हाय ना इवाई आमचं!” भाऊ भान हरपून मराठीत ओरडले.

पुढं भाऊंची गाडी अशी सुटली की मी थक्क झालो. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं बोंडअळी मेली. २०१७ला ती विदर्भभर उठून बसली आणि शेतंच्या शेतं गेली. “इन टू थाउजंड टू, पिंक मॅन डाइड. नो! ही डिड नॉट डाय! ही वेटेड.” मला होम्सच आठवला, डॉयलनं त्याला १८९३मध्ये धबधब्यात ढकलला आणि १९०३मध्ये लोकाग्रहास्तव परत काढला. अळीला कोणाचा आग्रह होता ते कळत नाही. मग भाऊ काठीला टांगलेल्या कामगंध सापळ्याजवळ गेले. यात मादी पतंगाचा गंध ठेवतात, त्या गंधावर नर येतात आणि अडकतात. किती अडकले ते मोजून फवारणी ठरवायची.

“नो लेडी,” भाऊ सापळ्याकडं बोट दाखवत म्हणाले. “ओन्ली स्मेल ऑफ लेडी. पिंक मॅन्स फादर केम इन द नाइट. ही वॉज कॉट!”

व्याही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता त्यांना ठसका लागला, मावसभावानं पाणी दिलं, त्या खाऱ्या पाण्यानं आणखी ठसका लागला. मग त्यांनी चष्मा पुसला, सापळ्यात डोकं घालून अडकलेले पतंग ऑडिटरच्या शिस्तीत मोजले आणि आकडा चुकू नये म्हणून पुन्हा मोजले. परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर खेटून बसले होते आणि प्रश्न आता दुतर्फा चालू होते. बोंडअळीला कोण मदत करतं, बियाणं कोणी विकलं, पैसे कोणी घेतले. मूर्तिजापूर गेलं तरी तपास संपला नव्हता.

व्याही म्हैसूरला पोचले त्या सकाळी भाऊंना खुशाली विचारायची होती. ‘सुखरूप पोचलात का’ हे त्यांच्या पुस्तकात कुठंच नाही. त्यांनी बराच वेळ मोबाइलकडं पाहिलं आणि जे येत होतं ते व्हॉट्सॲपवर लिहिलं: “आर यू अलाइव्ह?”

पाच मिनिटांनी उत्तर आलं. “येस. नोबडी फॉलोड मी.”

भाऊंनी तो मेसेज वहिनींना वाचून दाखवला, मग मला, मग दूधवाल्याला.