साहेब तापले

2011 साली ‘आर्म’ कंपनीने प्रोसेसरमध्ये थोरले आणि धाकटे कोअर एकत्र नांदवायची युक्ती काढली. रचना आपल्या ओळखीचीच. मेसेज, गाणी, अलार्म ही रोजची हमाली धाकट्यांकडे. थोरले साहेब गेम उघडला की येतात, भरमसाट वीज खातात आणि तापले की स्वतःच वेग कमी करतात. जाहिरातीत नाव मात्र साहेबांचंच. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने चढतो, हे काउंटरवर कोण सांगणार? वाशीच्या दुकानात गिऱ्हाईक गिगाहर्ट्झ विचारून फोन घेतं. मग पनवेल लोकलमध्ये ब्राइटनेस पार खाली, बॅटरी सेव्हर चालू, खिशातून पॉवर बँकेची वायर लोंबतेय, अशा थाटात ते घरच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ फॉरवर्ड करतं.