कूलरचं तोंड कुणीकडे

घरात कुणाची किती किंमत आहे हे कळायला सातबारा काढायची गरज नाही. एप्रिलात खिडकीत कूलर बसला की त्याचं तोंड कुणीकडे आहे तेवढं बघावं. आमच्या दुसरबीडला तरी ही पद्धत चुकत नाही. पहिला मान पाव्हण्यांचा. पाव्हणे नसले तर घरधन्याचा. मग परीक्षा देणाऱ्या पोराचा, मग परीक्षा झालेल्या पोराचा. सासूबाईंना वारा सोसत नाही, म्हणून त्यांच्या बाजूची झडप बंद. त्यांच्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात मी. कूलरच्या मागून पाणी गळतं, तिथल्या ओल्या मातीत शेजाऱ्यांची शेळी दुपारभर बसते. क्रमवारीत ती माझ्या आधी आहे.

कूलरमध्ये पाणी भरायचं काम मात्र माझं. नळ रोज येत नाही. आला की आधी पिण्याचं, मग वापरायचं, मग कूलरचं असं भरत जायचं. कूलर एका दुपारी जेवढं पाणी पितो तेवढं मी प्यावं असं डॉक्टर सांगतात. पण कूलर कोरडा पडला की घरभर ओरड होते. मी कोरडी पडले तर आवाज येत नाही.

तक्रार इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते. उन्हाळा सगळ्यांनाच असतो. पण पन्नाशी जवळ आली, पाळी जायला लागली आणि मला माझा स्वतंत्र उन्हाळा मिळाला. हवामान खात्याचा नियम असा, की सपाटीच्या भागात पारा ४० अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असला, किंवा सरळ ४५ ला पोचला, तर त्याला उष्णतेची लाट म्हणायचं. माझ्या लाटेला असली कुठलीच अट नाही. ती पहाटे चारला येते, आरती चालू असताना येते, बँकेत सही करताना येते. छातीत भडका उठतो, मानेवरून कानशिलापर्यंत चढतो, दोन-चार मिनिटं राहतो, मग घामाच्या धारा, आणि घाम वाळताना वर हुडहुडी. खात्याचे पिवळे, केशरी, लाल असे इशारे असतात. इथे पहिल्या दोन पायऱ्या नाहीत. थेट लाल, आणि तोही फक्त माझ्या चेहऱ्यावर.

ह्याचं कारण मेंदूच्या तळाशी आहे. तिथला हायपोथॅलॅमस अंगाचं तापमान सांभाळतो. ते थोडं वरखाली झालं तर एरवी तो दुर्लक्ष करतो. अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट फ्रीडमन यांनी हे दुर्लक्ष मोजलं. ज्यांना असे भडके, म्हणजे वाफा, येत नाहीत अशा बायकांत ते साधारण ०.४ अंशांचं भरलं आणि वाफा येणाऱ्यांत जवळजवळ शून्य. इस्ट्रोजेन कमी होतं, तसा तो एवढ्यातेवढ्यावर खवळायला लागतो. घोटभर गरम चहा, चिमूटभर जास्त ठेचा, चुलीसमोर मिनिटभर जास्त, की लगेच कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करून तो घामाचे नळ सोडतो. म्हणजे घरात दोन कूलर झाले. दोघांचं तत्त्व एकच, पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. त्यातला एक विजेवर चालतो आणि त्याचा सगळ्यांना उपयोग होतो.

हे मी घरात समजावून सांगितलं नसेल असं नाही. पण माझ्या आधी निदान झालेलं असतं. जाऊबाई म्हणतात उन्ह लागलं. नणंद म्हणते, “वहिनी, पित्त हाय, सब्जा घेत जा.” एका मावशींनी बीपी ठरवलं, दुसरीने नजर. पदरात कांदा बांधून झाला, धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, पायाला मेंदी झाली. तळपायाला तूप लावून काश्याच्या वाटीने घासलं की उष्णता उतरते, हा उपाय मला मनापासून आवडतो. मात्र वाटी घासायला दुसरं माणूस लागतं. ते घरात आहे, पण कूलरसमोर आहे.

सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या काळी असलं काही नव्हतं. एकदा मात्र बोलता बोलता सांगून गेल्या, की पन्नाशीला आल्या तेव्हा त्या रात्री उठून रांजणाला पाठ लावून बसायच्या. पाणी कोमट होतं म्हणून त्यांच्या सासूबाई ओरडायच्या.

सरकारने आमची काळजी घेतली नाही असं म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना आहेत. दुपारी १२ ते ३ उन्हात जाऊ नका, चहा-कॉफी टाळा, आणि हेही लिहिलं आहे की भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळा. मी हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी लक्ष देऊन ऐकलं, बरोबर आहे म्हणाले आणि १२ ते ३ आपण घराबाहेर पडायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे आता दुपारचा एक चहा वाढला आहे.

खरी परीक्षा उन्हाळी कामांची. वर्षभराचे पापड, कुरडया, खारोड्या, शेवया ह्याच दोन महिन्यांत व्हायला हव्यात, कारण त्यांना कडक ऊन लागतं. कुरडईचं बघा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक गाळायचा, रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून द्यायची. मग पहाटे अंगणातल्या चुलीवर आधण ठेवायचं आणि चीक ओतून घाटत राहायचं. हात थांबला की गुठळ्या होतात. वाफा येत असतील तरी थांबायचं नाही. पातेल्यातल्या कुठल्या आणि आपल्या कुठल्या, हा हिशोब तेव्हा करत बसू नये. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून नीट पडतो, म्हणून तो कढत असतानाच दाबायचा, आणि हे सगळं गच्चीवर, ऊन चढायच्या आत. हे काम करणाऱ्या बायकांची वयं बघितली तर बहुतेक पंचेचाळीस ते पंचावन्न. त्याहून तरुण सुनांना जमत नाही आणि त्याहून म्हाताऱ्यांना सोसत नाही. जिचा हायपोथॅलॅमस सगळ्यात चिडलेला तिच्याच हातात घाटायची काठी, ही वाटणी कुणी ठरवली ते कळायला मार्ग नाही. मागच्या उन्हाळ्यात काठी हातात असताना मला असा भडका आला, की मी खाली वाकून बादलीत तोंड बुडवलं. शेजारीण म्हणाली, “काय व बाई, चिकाकडं ध्यान दे.” चीक चांगला झाला होता.

गच्ची म्हणजे स्लॅब. आमचं जुनं घर धाब्याचं होतं. लाकडाच्या कड्या आणि वर मातीचा जाड थर, त्यामुळे मे महिन्यातही आत डोळा लागायचा. मग गावात स्लॅबची घरं झाली, आपलंच धाबं का, म्हणून आम्ही ते पाडलं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत आमच्या अंगावर सोडतो. सिंदखेडराजाला पुतळा बारव आहे, खाली उतरत गेलं की गारवा. गारवा कुठे असतो हे ती बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. आम्हाला इज्जत कुठे असते ते ठाऊक आहे. रात्री पुरुषमाणसं त्याच स्लॅबवर पाणी मारून बाजा टाकतात आणि वाऱ्याला निजतात. बायकांनी उघड्यावर कसं निजायचं, म्हणून आम्ही खाली, त्या स्लॅबच्या पोटात. तेवढ्यात लाइन जाते. डीपीवर लोड आला, असं वरून कुणीतरी अर्धवट झोपेत सांगतं.

लग्नांबद्दल थोडक्यात. तिथी मे महिन्याची, मुहूर्त दुपारचा, मांडव पत्र्याचा, आणि अंगावर आहेरात आलेली पॉलिस्टरची साडी. ती घाम शोषत नाही. तो जिथल्या तिथे सांभाळून ठेवते. सुती साडी नेसून गेले तर विचारतात, घरचं कार्य नाही का?

शेवटी दवाखान्यात गेले. वयोमानाने होतंच, असं ऐकून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत आले. वाफांवर उपचार असतात, हार्मोनचे असतात, हार्मोनशिवायचेही असतात, हे मला नंतर दुसरीकडे कळलं. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईने तर सरळ सल्ला दिला, “पिशवी काढून टाका, कटकटच नको.” ह्या सल्ल्याचा पुढे काय व्याप होतो ते बघायला २०१९ साली बीड जिल्ह्यात विधान परिषदेच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली होती, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या काढलेल्या पिशव्या मोजायला. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर माझं जे वर्षानुवर्षं हळूहळू चाललंय ते रातोरात सुरू होतं. बाकावरच्या बाईला मी एवढंच म्हटलं, बघते.

मृगाचा पाऊस पडला की सगळे म्हणतात, सुटलो बाई उन्हाळ्यातून. हवा दमट होते, कूलर नुसता चिकचिक करतो, मग त्याला पुसून, प्लास्टिक गुंडाळून माळ्यावर टाकतात. पुसायचं काम माझं. माझ्या उन्हाळ्याला मृग लागू नाही. अमेरिकेत हजारो बायकांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून केलेला एक अभ्यास २०१५ साली छापून आला. वारंवार वाफा येणाऱ्या बायकांत हे प्रकरण साधारण ७.४ वर्षं चालतं, असं त्यात निघालं. वरच्या दशांश चारांत एखाद्या मे महिन्याची सोय नक्की असणार.

हिवाळ्यात तर मला बोलायचीही चोरी. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला सिंदखेडराजात पहाटेपासून गर्दी असते, गारठ्यात जो तो शाल गुंडाळून उभा. मी शाल काढून हातात धरली, तर शेजारच्या अनोळखी आजींनी कपाळाला हात लावून बघितला आणि आपल्या सुनेला म्हणाल्या, “ताप नाही व हिला.” त्या दिवशी माझी एवढी तपासणी झाली.

घरी रात्री मी पंखा लावते. हे दोन गोधड्यांतून तोंड बाहेर काढून म्हणतात, जानेवारीत पंखा? आणि बंद करतात. पंख्याचं बटण त्यांच्या उशाशी आहे, घर बांधताना तिथेच बसवलं. परवा वायरमन मीटर बघायला आला होता, तेव्हा मी त्याला विचारलं, बटण माझ्या बाजूला घेता येईल का? त्याने भिंत वाजवून बघितली. म्हणाला, “येईल काकू, पण झिरी मारावी लागेल, रंग खराब होईल. काकांना विचारून ठेवा.”