सूक्ष्मदर्शी

पुण्यातील कोणत्याही बऱ्यापैकी वस्तीत, विशेषतः जेथे जुने बंगले पाडून त्यांच्या जागी बहुमजली सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत अशा कोथरूड-कर्वेनगराच्या पट्ट्यात, ज्याचे निवृत्तिवेतन वेळेवर येते, ज्याची प्रकृती ठणठणीत आहे आणि ज्याने उभी हयात कोठल्या ना कोठल्या खात्यात निविदा तपासण्यात घालवली आहे, असा एक गृहस्थ हटकून आढळतो. त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवरील भलाथोरला दूरदर्शनसंच पाहुण्याला करमणुकीचे साधन वाटला, तरी गृहस्थाच्या लेखी ते एक निकालात न निघालेले प्रकरण असते. आणि त्या प्रकरणातला मुद्दा एवढाच की, एचडी चित्र घ्यावे ते डिशवरून की केबलवरून? सामान्य माणसे शेजाऱ्याकडे काय आहे ते विचारून हा प्रश्न सोडवतात. आमचा सूक्ष्मदर्शीही शेजाऱ्याकडे काय आहे ते विचारतो, आणि मग ते त्याने का घ्यायला नको होते हे त्याला समजावून सांगतो.

या स्वभावाचे मूळ बहुधा गच्चीवर सापडेल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, पुढल्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते चित्र पुण्यातही उतरले, आणि त्या काळी ज्या पोरांना अँटेना किल्ल्याकडे वळवून धरण्यासाठी वर पिटाळण्यात येई, त्यांतल्या काहींना खाली चाललेल्या कार्यक्रमाची गोडी कधी लागलीच नाही. चित्र आले की नाही एवढीच त्यांची जिज्ञासा राहिली, आणि ती साठी उलटल्यावरही तशीच ताजी आहे.

प्रस्तुत प्रकरणाचे दफ्तर म्हणजे एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही. तिच्या डाव्या बाजूस ‘डिश’, उजव्या बाजूस ‘केबल’ आणि मधोमध तांबड्या शाईची रेघ. एके काळी या वहीला खरोखरच अर्थ होता, कारण दोन्ही पक्षांच्या दरांत जमीन-अस्मानाचे अंतर असे. शिवाय केबलच्या चित्रात मुंग्या धावत आणि प्रत्येक पुढाऱ्याच्या मागे त्याचीच एक फिकट छाया उभी दिसे, जी काहींच्या बाबतीत अधिक विश्वासार्ह वाटे. पण ३१ मार्च २०१३ या मुदतीने पुण्यात केबललाही डबा सक्तीचा झाला, आणि मुंग्या व छाया दोन्ही गेल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामकाचे फर्मान अमलात येऊन प्रत्येक वाहिनीची छापील किंमत दोहोंकडे एकच झाली, आणि शंभर वाहिन्यांचा मूळ आकार जास्तीत जास्त १३० रुपये, अधिक अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असा ठरला. दुसरा कोणी असता तर त्याने वही मिटली असती. आमच्या गृहस्थाने मात्र ते चाळीस पैसे कोणता पक्ष सोडतो आणि कोणता वरच्या रुपयापर्यंत ओढतो याची रुजुवात आरंभली.

त्याच फर्मानातल्या एका कलमाने त्याला काही काळ निखळ आनंदही दिला. मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरावी, असे ते कलम. “साध्या चित्रात ठिपके ७२० गुणिले ५७६, एचडीत १९२० गुणिले १०८०. करा गुणाकार. बरोबर पाचपट! आणि मोजणार दोन! सरकारच्या हातून चुकून न्याय झालेला मी आयुष्यात प्रथमच पाहतो आहे,” असे तो जिन्यात भेटेल त्याला सांगत असे, आणि भेटणारा हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत असे.

डिशविषयीचा त्याचा अभ्यास खगोलापासून सुरू होतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरांवर पृथ्वीच्या गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर भासतो, आणि महाराष्ट्र विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे आपल्या डिशला दक्षिणेकडे तोंड करून बसण्यावाचून गत्यंतर नाही. आता दक्षिण ही यमाची दिशा. ज्या सोसायटीत दक्षिणेकडे दार आहे म्हणून सदनिका वर्षानुवर्षे विकल्या जात नाहीत, तीत हे तोंड कोणाच्याच डोळ्यांवर आले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. ज्यांचे सज्जे उत्तरेला, त्यांना गच्चीवर डिश बसवून सहा मजले तार खाली सोडावी लागते, आणि गच्ची हा विषय निघाला की व्यवस्थापक समितीची बैठक, ठराव आणि हरकती हा सारा शिरस्ता ओघाने येतोच. आमच्याकडे या बाबतचा एक ठराव अद्याप ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ आहे.

पण डिशचा खरा वैरी पाऊस. तिच्या लहरी इतक्या आखूड असतात की जोरदार सरीतले थेंब त्या शोषून आणि विखरून टाकतात. सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून येऊ लागले, इंग्लंडात आपले फलंदाज खेळत असले, आणि षटक ऐन रंगात आले, की पडद्यावर चौकोन नाचू लागतात व पाठोपाठ संकेत नसल्याची सूचना येते. सूक्ष्मदर्शी अशा वेळी सामन्यासाठी हळहळत नाही. तो ज्याच्या घरी बसलेला असतो त्याच्या भिंतीवरचे घड्याळ पाहतो आणि वेळ टिपून घेतो. एकदा त्याने यजमानाच्या वतीने मदतकेंद्राला दूरध्वनी केला. “पाऊस थांबला की येईल, सर,” असे उत्तर मिळाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “ते मलाही ठाऊक आहे, ताई. मग वर्गणी पावसाळ्याची का घेता?”

यावरून तो केबलचा पक्षपाती असावा असे कोणास वाटेल, तर तेही खरे नाही. वसुलीला येणाऱ्या केबलवाल्या पोराने एकदा “काका, आपली तार आहे, तारेला पावसाचं काय?” अशी फुशारकी मारली, तेव्हा त्याची अशी उलटतपासणी झाली की, केबल कंपनीच्या मुख्य ठाण्यातही चित्र आकाशातल्या उपग्रहांवरूनच उतरते, फक्त तिथल्या छत्र्या फार मोठ्या आणि लहरी लांब असल्यामुळे त्यांना पाऊस कमी बाधतो, एवढे सत्य बाहेर पडले. “म्हणजे देव एकच, पुजारी निराळे!” असा निष्कर्ष वहीत नोंदला गेला. खेरीज ती तार गुलमोहरावरून, पिंपळावरून लोंबत येते, आणि वाटेतले तिचे यंत्र शेजारच्या इमारतीच्या विजेवर चालते. त्यांची वीज गेली की आमच्याकडे दिवे लखलखत असूनही चित्र अंतर्धान पावते.

“घेऊन तर बघा, काका. नाही पटलं तर काढून नेतो,” पोरगा काकुळतीला येऊन म्हणाला.

“तू नेशील रे. पण तुझा डबा त्यांच्या छत्रीला चालत नाही, आणि त्यांचा तुझ्या तारेला. मग मी त्या डब्यात पोहे भरू?”

या गृहस्थाबरोबर काही पाहणे हा मात्र एक विलक्षण अनुभव असतो. नायिका टाहो फोडत असता त्याला तिच्या कानापाशी रंगभूषा जेथे संपते ती सीमारेषा दिसते, गोलंदाजाने बळी घेतल्यावर घरभर आरोळी उठते तेव्हा तो “शिवण पाहिलीत? चेंडूची शिवण!” असे पुटपुटत असतो, आणि बाद कोण झाला हे त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते. इतके स्पष्ट पाहून इतके थोडे पाहणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. तथापि त्याचे ज्ञान कुचकामाचे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या मजल्यावरचे एक वयोवृद्ध प्राध्यापक कित्येक वर्षे एचडीचे पैसे इमानाने भरत होते. याने संचामागे हात घालून पाहिले तो डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या जुन्या तारांनीच जोडलेला, आणि त्या तारांतून एचडी चित्र जातच नाही. खोक्यात तशीच पडून राहिलेली एचडीएमआय तार काढून त्याने जोडली, चित्र लखलखले, आणि विजयी मुद्रेने तो मागे वळला. बत्तीस इंची संचापासून दहा फुटांवर आरामखुर्चीत बसलेले, मोतीबिंदू पिकत आलेले प्राध्यापक सौजन्याने म्हणाले, “झालं का? छान. आधीही छानच होतं.”

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र निर्णय होईपर्यंत ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून जुनी, साधी केबल चालू आहे. तीवर त्या भव्य संचात सगळी माणसे आडवी ताणली जाऊन बाळसे धरल्यासारखी दिसतात. त्याच्या पत्नी या तात्पुरत्या व्यवस्थेला पुरत्या ओळखून असल्यामुळे रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळी समोरच्या वहिनींकडे जाऊन बसतात, आणि कोणाचे लग्न कोणामुळे मोडले याची इत्थंभूत माहिती घेऊन परततात.

अलीकडे सारे जग मालिका मोबाइलवर पाहू लागले, तेव्हा आता ही वही बंद होणार अशी मला धास्ती वाटली होती. ती व्यर्थ ठरली. परवा गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण ‘फायबर’चे माहितीपत्रक घेऊन दारात आला, तेव्हा वहिनींकडे निघालेल्या पत्नींनी त्याच्याकडे करुणेने पाहत पायांत चपला सरकवल्या आणि त्या वाट काढून निघून गेल्या. आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. वहीच्या उरलेल्या कोऱ्या समासात पट्टी धरून दुसरी रेघ ओढली गेली.

“या, बसा. पाणी घेणार? घाई नाही ना? मला आधी एवढं सांगा, ही तुमची तार जमिनीखालून येते, की झाडावरून?”