काका, ही कादंबरी वाचाच!

महाडात कादंबरी वाचणारे कमी आहेत, असं अजिबात नाही. पंचाईत एवढीच की त्यांची कादंबरी वाचून झालेली आहे. ‘श्रीमान योगी’ 1968 साली आली, ‘छावा’ 1979 साली, आणि रायगड तालुक्यातच असल्यामुळे त्यापुढे आणखी काही वाचायची निकड बऱ्याच घरांना भासलेली नाही.

अशा घरात समकालीन कादंबरी घेऊन शिरणारा एक प्राणी असतो. चार वर्षं पुण्यात काढून आलेला, झोळीवाला. तो हमखास ‘कोसला’ने सुरुवात करतो. ‘कोसला’ 1963 सालची. साठी उलटली तरी मराठीत ‘नव्या कादंबरी’चा विषय निघाला की अजून तिलाच पुढे करतात. सोफ्यावरचे काका चष्मा कपाळावर सरकवून चार पानं चाळतात.

“लढाई कितव्या पानावर आहे?”

“काका, ही आतली लढाई आहे.”

काका पुस्तक मिटतात आणि आत चहा सांगतात.

झोळीवाला हार मानत नाही. पुढच्या खेपेला तो श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ आणतो. साहित्य अकादमी पुरस्कार, 2008. काका झोपतात, पण उत्सुकतेचा पत्ता नसतो. मग प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, तिलाही अकादमी, 2022 ची. “आपल्या कोकणातलीच आहे,” असं तो ठासून सांगतो. काका बांदेकरांचं गाव विचारतात. सावंतवाडी म्हटल्यावर विषय संपतो. मुंबईकरांना पनवेल ओलांडलं की सगळं कोकण एकच वाटतं. महाडकरांना कशेडी घाटापलीकडे परमुलूख लागतो.

खरी गोची शिफारशीच्या भाषेची आहे. “काय होतं तिच्यात?” हा काकांचा साधा प्रश्न. त्यावर “काहीच होत नाही, तीच तर गंमत आहे,” हे उत्तर. पुढे निवेदनतंत्र, आशयसूत्र, देशीयता. एवढं ऐकल्यावर माणूस ‘छावा’ तिसऱ्यांदा वाचायला घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बरं, या मुलखाला पुस्तकाचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. समर्थांनी ज्या घळीत दासबोध सांगितला असं मानतात, ती शिवथरघळ महाड तालुक्यातली. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात. आणि 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं ते महाडातच. पुस्तकात लिहिलेल्या चार ओळी माणसाचं आयुष्य कसं नासवू शकतात, हे या गावाला कुठल्या समीक्षकाने येऊन शिकवायला नको.

पुस्तक घरात कुठल्या खणात ठेवायचं, हेही इथे समीक्षक ठरवत नाहीत, सावित्री ठरवते. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरभर शिरलं, तळमजले बुडाले. तेव्हापासून कपाटाची प्रतवारी पक्की झाली आहे. सर्वांत वर सातबारा आणि रेशनकार्ड, त्याखाली दासबोध, मग शिवचरित्रं, आणि अगदी तळाला झोळीवाल्याने भेट दिलेली ‘हिंदू’. नेमाड्यांची ही जाडजूड कादंबरी 2010 साली आली तीच मुळी चार भागांतला पहिला भाग म्हणून. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं 2011 साली. त्यामुळे पुढच्या भागाची वाट बघण्याच्या कलेत महाडकरांना कोणी मागे टाकू शकेल, असं वाटत नाही.

तरीही शिफारस जमते. काकांना इतिहास हवा असेल तर त्यांच्या हातात नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ ठेवावी. पेशवाईचा काळ, मराठी हेर, बंगालपर्यंतची भटकंती. पण हा अंताजी तलवार उपसण्याआधी पळायची वाट बघून ठेवतो. काका पहिल्यांदा चिडतील, मग हसतील, मग पुस्तक परत करायला विसरतील. याच खऱ्यांनी ‘उद्या’ कादंबरीला जाहीर झालेला अकादमी पुरस्कार नाकारला होता, हे मात्र नंतर सांगावं. आधी सांगितलं तर काका पुस्तक सोडून पुरस्काराच्या रकमेची चौकशी करत बसतील.

पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीवर जायचं असेल तर कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ न्यावी. धरणामुळे गाव उठलं, मागे सुटलेली म्हैस रानटी झाली, आणि तिला आणायला माणूस परत गेला. तिला 2023 चा अकादमी पुरस्कार आहे, पण तो उच्चारायचंही कारण नाही. “एका म्हशीची गोष्ट आहे,” एवढं म्हणावं. निम्मी वाडी मुंबईला गेलेली असताना मागे कोण राहतं आणि का राहतं, हे ओटीवर बसलेल्या आजोबांना निवेदनतंत्राशिवाय कळतं. ते फार तर म्हणतील, “म्हस अशी नाय यायची, तिला आंबोण दावाय लागतं.” कादंबरीवर इतकी नेमकी प्रतिक्रिया शहरातल्या चर्चासत्रात मिळत नाही.

तेव्हा गणपतीला गावी येणाऱ्या समस्त चाकरमान्यांना एक विनंती. येताना मिठाईच्या खोक्याबरोबर एखादी नवी कादंबरीही आणा. बॅगेत मावेल एवढी, आणि मेहरबानी करून, स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेली.