ऊठ म्हणायचं, पण रीतसर

स्पॅनिशमध्ये घरच्या माणसाला ‘ऊठ’ म्हणायचं तर ‘लेबान्ताते’. त्याने स्वतःलाच उठवायचं, म्हणून ते ‘ते’ शेपटाला; वर लिहिताना आघातचिन्ह विसरलात तर चूक. ‘उठू नकोस’ म्हणायचं झालं की हेच ‘ते’ टुणकन क्रियापदाच्या पुढे येतं आणि क्रियापदही रूप पालटतं: ‘नो ते लेबान्तेस’. एवढी जुळवाजुळव होईपर्यंत झोपलेला माणूस उठून, आंघोळ आटपून कामाला गेलेला असतो. त्यात आठ आज्ञारूपं नियमाला न जुमानणारी. पैकी ‘बे’ म्हणजे ‘जा’ही आणि ‘बघ’ही. कोणतं ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

बरं, हे परक्यांनाच जड जातं असंही नाही. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘निघा’ म्हणायचं शुद्ध रूप ‘इदोस’. ते कुणाच्या तोंडी बसेना. लोक खुशाल ‘इरोस’ म्हणत राहिले. १७१३ पासून भाषेवर पहारा देणाऱ्या माद्रिदच्या रॉयल अकादमीने अखेर २०१७ मध्ये ‘इरोस’ला मुभा दिली. त्याच चालीवरच्या ‘लेबान्तारोस’ला मात्र नाही, ते अजून अशुद्धच. थोडक्यात, मित्रांना हाकलताना सवलत आहे, उठवताना नाही.